नोकरी गेली आणि पासाच्या कार्डावर २८६ डॉलर उरले

दाराची बेल वाजली तेव्हा मी कुकरच्या शिट्या मोजत होते. दारात खालच्या मजल्यावरचा मुलगा उभा. नागपूरचा आहे. इथंच मास्टर्स केलं आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरीला लागला. आम्ही राहतो एडिसनला, न्यू जर्सीत, त्यामुळे त्याची रोजची ट्रेन ठरलेली. एरवी संध्याकाळी सातच्या आत तो दिसत नाही. त्या दिवशी चारलाच आला.

"काकू, आज लेऑफ झाला."

चहा टाकला. नोकरी गेल्यावर व्हिसावर मिळणारे साठ दिवस, घरभाडं, नागपूरला आईला आत्ताच सांगायचं की थांबायचं, सगळं बोलून झालं. मग त्यानं फोन माझ्यापुढं धरला. कंपनीनं दिलेल्या कम्यूटर कार्डाचं, म्हणजे कामावर जाण्यायेण्याच्या खर्चाच्या कार्डाचं ॲप उघडं होतं आणि शिल्लक दाखवत होतं २८६ डॉलर.

"हे माझ्याच पगारातून कापलेले पैसे आहेत ना? एचआरला विचारलं तर म्हणतात रिफंड मिळत नाही. असं कसं हो?"

मी पे-रोलमध्ये काम करते, म्हणजे लोकांचे पगार काढते. हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आणि प्रत्येकाच्या आवाजात तोच सूर असतो, कोणीतरी खिसा कापल्याचा. नियम ऐकला की राग आणखी वाढतो. नियमामागचं कारण कळलं की राग जरा निवतो, आणि पुढच्या वेळी पैसे बुडत नाहीत. म्हणून कारणापासून सुरू करते.

योजना साधी आहे. ट्रेन, बस, सबवे, फेरी असल्या सार्वजनिक वाहनानं कामावर जाण्यासाठी लागणारे पैसे कर कापायच्या आधीच पगारातून बाजूला काढता येतात. हे अमेरिकेच्या आयकर कायद्याचं कलम १३२ (एफ). दर महिन्याला किती काढता येतात याची मर्यादा सरकार दरवर्षी ठरवतं: २०२४ साली ३१५ डॉलर, २०२५ साली ३२५ आणि २०२६ साली ३४०. पार्किंगसाठी तेवढीच, पण वेगळी मर्यादा आहे. बाजूला काढलेली रक्कम एका डेबिट कार्डावर जमा होते आणि ते कार्ड फक्त तिकिटाच्या खिडकीवर, मशीनवर किंवा तिकिटाच्या ॲपवर चालतं. त्याच कार्डावर वडापाव घ्यायला गेलात तर मशीन नाही म्हणेल. न्यूयॉर्क शहरात ज्या कंपनीकडं पूर्णवेळ काम करणारे, युनियनबाहेरचे २० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिला १ जानेवारी २०१६ पासून ही सोय द्यावीच लागते. न्यू जर्सीनं मार्च २०१९ मध्ये साऱ्या राज्यासाठी तसा कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. त्यामुळे इथं एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो भागातल्या आपल्या बहुतेक पगारदार मंडळींच्या पेस्लिपवर ही ओळ असते. ती ओळ कशाची आहे हे मात्र पुष्कळांनी वाचलेलं नसतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी पन्नास खुणा करायला लावतात, त्यातली ही एक.

फायदा किती ते आकड्यांत बघू. समजा पास महिना ३०० डॉलरचा आहे, तुमच्या पगाराच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर केंद्राचा आयकर २२ टक्के लागतो आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचे आणि आरोग्य विम्याचे, मिळून ७.६५ टक्के. म्हणजे एकूण २९.६५ टक्के. हे पैसे योजनेत न टाकता साध्या पगारातून पास काढला, तर ३०० डॉलर हातात यायला सुमारे ४२६ डॉलर पगार कमवावा लागतो. योजनेतून काढला तर ३०० कमावले तरी ३००चा पास येतो. वेगळ्या बाजूनं सांगायचं तर कापलेल्या ३०० डॉलरमागं ८९ डॉलर कर वाचतो, वर्षाकाठी हजाराच्या जरा वर. राज्याचा आयकर मी यात धरलेला नाही, कारण प्रत्येक राज्य या योजनेकडं आपापल्या नजरेनं पाहतं. आणि नुकतेच शिकून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करणारे बहुतेक विद्यार्थी पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर भरतच नाहीत, तेव्हा त्यांची बचत २२ टक्क्यांचीच.

आता रिफंडकडं. आपल्याकडं ज्यांनी ऑफिसात जेवणाची कूपनं वापरली आहेत त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. कूपन पन्नासचं, बिल त्रेचाळीसचं, आणि दुकानदार सुटे द्यायला तयार नाही. फार तर सात रुपयांची चॉकलेटं हातावर ठेवायचा. आपण चिडायचो. पण कूपनाचे रोख पैसे मिळाले असते तर ते कूपन राहिलंच नसतं, तो पगारच झाला असता, आणि पगारावर कर लागतो. कर माफ होता तो एवढ्याचसाठी की त्याचं जेवणच करावं लागे.

इथं हेच, फक्त जास्त कडक. कराच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: पैसे घ्यायचे की नाही हे तुमच्या हातात असेल, तर तुम्ही ते घेतलेत असंच धरलं जाईल. तिजोरीची किल्ली तुमच्या कमरेला असताना "मी अजून उघडली नाही" म्हणून चालत नाही. कार्डावरचे पैसे हवे तेव्हा रोख परत मागता आले, तर ती किल्ली तुमच्याच कमरेला आहे. मग प्रत्येक जण दर महिन्याला ३४० डॉलर करमुक्त बाजूला काढेल, पुढच्या आठवड्यात परत घेईल, आणि ट्रेनचं तोंडही बघणार नाही. सरकारच्या लेखी ती सगळी रक्कम करपात्र ठरेल, ज्यांनी प्रामाणिकपणे पास काढला त्यांचीही. म्हणजे "परत मिळणार नाही" ही अट सवलतीच्या आड आलेली नाही. सवलत त्या अटीवरच उभी आहे.

हे पैसे "माझेच" आहेत असं आपल्याला वाटतं तिथंच गफलत होते. महिना सुरू होण्याआधी जेव्हा तुम्ही योजनेच्या वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, "२०० डॉलर" भरता, तेव्हा तुम्ही कंपनीला सांगता की मला पुढच्या महिन्यात २०० डॉलर पगार कमी दे, आणि त्याऐवजी तेवढ्या प्रवासाची सोय दे. ते २०० तुमचा पगार कधी होतच नाहीत. म्हणून तर त्यांच्यावर कर नाही. कराच्या वेळी "हा माझा पगार नाही" आणि रिफंडच्या वेळी "हा माझाच पगार" अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही.

याचा थोडा इतिहास सांगते, कारण मला स्वतःला हा नियम इतिहास वाचल्यावरच पटला. लोकांनी गाड्या घरी ठेवून ट्रेननं जावं म्हणून १९९२च्या ऊर्जा धोरण कायद्यात हे कलम आलं आणि १९९३ पासून लागू झालं. तेव्हा सार्वजनिक वाहनासाठी महिना ६० डॉलर करमुक्त होते आणि पार्किंगसाठी १५५! ट्रेनला प्रोत्साहन द्यायचं आणि गाडी लावायला अडीचपट सवलत द्यायची, हा कारभार काय होता देव जाणे. २०१५ सालीसुद्धा वर्ष संपत येईपर्यंत १३० विरुद्ध २५० असा फरक होता. त्या डिसेंबरात संसदेनं दोन्ही मर्यादा कायमच्या सारख्या केल्या. पण आपल्या मुद्द्याची गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीला कंपनीनं पास द्यायचा तो पगाराच्या वर द्यायचा. "पास घे नाहीतर पैसे घे" असा पर्याय दिला की सवलत गेली. पगारातून कापून पास देण्याची मुभा ट्रेन-बससाठी १९९८च्या वाहतूक कायद्यानं दिली. म्हणजे रोख आणि पास यांत निवड करू देणं हाच मुळात अपवाद आहे. अपवाद देताना सरकारनं फट अगदी अरुंद ठेवली: निवड आधी करायची, महिना सुरू झाला की बदलायची नाही, आणि कापलेले पैसे प्रवासाशिवाय दुसऱ्या कुठल्याही रूपात परत द्यायचे नाहीत. २००१च्या नियमावलीत हे प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं आहे, आणि सरकारी कागद असूनही वाचवतं.

भारतात हा प्रश्न आला नाही, कारण तिथली रीत उलटी होती. पगारातल्या वाहतूक भत्त्यापैकी महिना १,६०० रुपये करमुक्त होते. तुम्ही लोकलनं गेलात की चालत गेलात हे कोणी विचारत नव्हतं, पासही दाखवावा लागत नव्हता. २०१८च्या अर्थसंकल्पात तीही सवलत काढून सरसकट ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली. सवलत प्रवासाला बांधलेली नाही, म्हणून न वापरलेल्या प्रवासाचं काय हा प्रश्नही नाही. तिथून इथं आलेल्या माणसाला कापलेली रक्कम भत्त्यासारखी वाटते ती या सवयीमुळं.

पण "रिफंड" या एका शब्दाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी विचारतात आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

पहिली गोष्ट, तिकिटाचा रिफंड. ट्रेन रद्द झाली, मशीननं दोनदा पैसे घेतले, चुकीच्या स्टेशनचं तिकीट निघालं. हा मामला तुमचा आणि रेल्वेचा आहे, आणि रिफंड द्यायचा की नाही, किती कापून द्यायचा, कधीपर्यंत मागायचा हे प्रत्येक वाहतूक संस्थेचे आपापले नियम ठरवतात. मंजूर झाला तर पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर परत यायला हवेत. इथं एक बारीक गोम आहे. खिडकीवरच्या माणसानं चांगुलपणानं "रोख देऊ का?" म्हटलं तर नको म्हणा, कार्डावरच मागा. रोख घेतलेत तर करमुक्त प्रवासाचे पैसे तुमच्या खिशात आले, आणि ते मग पगारात मोजले जायला हवेत. शिवाय या कार्डांची मुदत संपते, नवं कार्ड येतं. जुन्या नंबरावर आलेला रिफंड शोधत फिरायला लागू नये म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवलेला बरा. काही कंपन्या कार्डाऐवजी महिन्याचा पास थेट घरी पाठवतात. तो न वापरता महिना सुरू व्हायच्या आत परत केला तर बऱ्याच योजनांत त्याची रक्कम मिळते, पण तीसुद्धा पुढच्या पासासाठी जमा म्हणून, चेकनं नाही.

दुसरी गोष्ट, नोकरीत असताना उरलेली शिल्लक. इथं लोक उगाच घाबरतात. आरोग्य खर्चाच्या एफएसए खात्यात वर्षअखेरीस न वापरलेले पैसे बुडू शकतात, त्यामुळं डिसेंबरात सगळे चष्मे करायला धावतात. प्रवासाच्या खात्याला ती भीती नाही. जानेवारीत उरलेले फेब्रुवारीत, या वर्षीचे पुढच्या वर्षी, असे पैसे पुढं सरकत राहतात, फक्त कोणत्याही एका महिन्यात मर्यादेपेक्षा जास्त सवलत घेता येत नाही आणि तुम्ही त्याच कंपनीत असायला हवं. शिल्लक खूप झाली असेल तर उपाय सोपा आहे. पुढच्या महिन्याची कपात शून्य करा आणि साठलेलं संपवा. एफएसएसारखं वर्षभरासाठी अडकून पडायचं नसतं. आकडा दर महिन्याला बदलता येतो. पण आधी. बहुतेक योजनांत पुढच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या पहिल्या दहा-एक दिवसांत गोठतो. नेमकी तारीख आपल्या पोर्टलवर लिहिलेली असते. मी ती फोनच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याची म्हणून टाकून ठेवली आहे, शेजारी "पास?" एवढंच लिहिलंय.

ही तारीख किती महाग पडते ते २०२० साली सगळ्यांना कळलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी एप्रिलचे पास मागवून ठेवलेले होते. महिन्याच्या मध्यावर ऑफिसं बंद झाली, पुढं वर्ष-दीड वर्ष बंदच राहिली. शेकडो डॉलर कार्डांवर पडून. तेव्हा लोकांनी आयकर खात्याला पत्रं लिहिली, आणि खात्यानं उत्तर दिलं ते हेच: पैसे पुढं सरकवता येतील, परत देता येणार नाहीत. त्या डिसेंबरात संसदेनं एफएसए खात्यांसाठी खास मुदतवाढ दिली, प्रवासाच्या खात्यांना मात्र त्यात जागा मिळाली नाही. ज्यांची नोकरी टिकली त्यांनी ते पैसे दोन वर्षांनी का होईना वापरले. ज्यांची गेली त्यांचे गेले. माझ्या मते तिथं संसद चुकली. माणूस घरी बसला तो स्वतःच्या मर्जीनं नव्हे, आणि एकदाच कर कापून पैसे परत द्यायची वाट करून दिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मला विचारतंय कोण.

तिसरी गोष्ट, नोकरी सुटल्यावर. नोकरी सोडली, गेली, दुसरी मिळाली, कारण कोणतंही असो, करमुक्त कापलेली आणि कार्डावर उरलेली रक्कम तुम्हाला मिळत नाही, ती कंपनीकडं राहते. नव्या कंपनीच्या कार्डावर नेता येत नाही, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या कार्डावर तर नाहीच, कारण सवलत फक्त कर्मचाऱ्याची, कुटुंबाची नाही. पार्किंगचे पैसे खिशातून भरून नंतर पावती देण्याची पद्धत असेल, तर नोकरी संपण्यापूर्वीच्या पावत्या ठरावीक मुदतीत अजून देता येतात. एवढी एक खिडकी किलकिली राहते. तिच्याबद्दल जाता जाता एचआरला जरूर विचारा.

आणि चौथी, जी खरं म्हणजे रिफंड नाहीच. तुमचा पास महागडा असेल, समजा ४२० डॉलरचा, तर ३४० करमुक्त कापले जातात आणि वरचे ८० कर भरलेल्या पगारातून. त्या ८०वर सरकारनं कर घेऊन झालेला आहे. त्यामुळं ते परत द्यायला कायद्याची आडकाठी नाही, कंपनीच्या योजनेत तरतूद असेल तर मिळतात. विचारताना "कार्डावरचे पैसे परत द्या" असं विचारलंत तर उत्तर नाही येईल. "यातले कर भरल्यानंतर कापलेले किती आणि ते परत मिळतील का?" असं विचारलंत तर समोरच्याला खातं उघडून बघावं लागेल. तसंच, तुम्ही मुदतीत कपात शून्य केली होती आणि तरी पगार कापला गेला, तर ती आमच्यासारख्यांची चूक. ती पगाराची दुरुस्ती म्हणून, कर कापून, पुढच्या पगारात यायला हवी. पोर्टलवर बदल केल्याचा स्क्रीनशॉट असेल तर वाद पाच मिनिटांत मिटतो. नसेल तर पाच ईमेल.

आता परत आमच्या स्वयंपाकघरात. मी त्याला पहिलं विचारलं, "पत्र आलंय का? त्यात शेवटची तारीख काय आहे?"

त्याला वाटत होतं नोकरी आजच संपली, कारण सकाळी मीटिंगमध्ये तसंच सांगितलं होतं. पत्र उघडलं तर दुसऱ्या पानावर नोकरी संपण्याची तारीख २४ होती. तो दिवस होता ८. मधले सोळा दिवस तो पगारावर होता, आणि त्यातले चार दिवस काम सोपवायला ऑफिसात बोलावलेलं होतं. लेऑफच्या दिवशी माणसाच्या डोक्यात एवढं काहूर असतं की हे वाचलं जात नाही. पण कार्डाला मीटिंगशी देणंघेणं नसतं, ते पत्रातली तारीख पाळतं.

मग पोर्टल उघडायला लावलं. पुढच्या महिन्याचा आकडा गोठायची तारीख होती १०. म्हणजे मधे फक्त ९ तारीख होती. त्यानं लक्ष घातलं नसतं, तर आणखी २०० डॉलर कापले गेले असते आणि तेही गेले असते. आमच्या टेबलावरच त्यानं २००चे शून्य केले आणि मी त्याला स्क्रीनशॉट काढायला लावला. लेऑफ झाल्यावर लोक उरलेल्या पैशांमागं लागतात, आणि पुढची कपात थांबवायची राहून जाते. खरा तोटा तिथं होतो.

"काकू, मग उरलेल्याची मी आत्ताच तिकिटं काढून ठेवू का? कोणाला तरी देता येतील."

हाही नेहमीचा प्रश्न. कार्ड घेताना बहुतेक योजनांत आपण कबूल केलेलं असतं की हे पैसे माझ्याच कामावरच्या जाण्यायेण्यासाठी आहेत. तिकिटं काढून मित्रांना वाटणं किंवा विकणं हे त्या कबुलीत बसत नाही, आणि दीडशे डॉलरसाठी, नवी नोकरी शोधायच्या दिवसांत, तसलं लचांड मागं लावून घेऊ नये. त्यानं चार दिवसांच्या जाण्यायेण्याची तिकिटं त्या कार्डावर काढली. तरी दीडशेच्या आसपास उरले. ते गेले.

पण गेले म्हणजे नेमके किती, हे त्याला मी कागदावर मांडून दाखवलं, कारण मुलगा इंजिनिअर आहे, आकड्याशिवाय समजूत पटत नाही. दीडशे डॉलर कापले नसते तर हातात दीडशे आले नसते. २९.६५ टक्के कर जाऊन सुमारे १०५ आले असते. म्हणजे तोटा १०५चा. वर्षभरात त्यानं महिना २०० प्रमाणे २,४०० कापून घेतले होते, त्यावर कर वाचला ७११ डॉलर. कागद त्याच्याकडं सरकवला. त्यानं दोनदा बघितला, मग पहिल्यांदा बशीतल्या शंकरपाळ्याला हात लावला.

हेच गणित उलटं करून बघितलं की किती कापायचं याचा अंदाज येतो. महिनाभराचे ३०० डॉलर बुडाले तर खरा तोटा २११, आणि दर महिन्याची बचत ८९. म्हणजे एक महिना बुडाला तर सव्वादोन-अडीच महिन्यांची बचत धुऊन जाते. त्याहून जास्त काळ योजनेत असाल तर तुम्ही तरीही फायद्यात आहात. म्हणून "पैसे अडकतात" म्हणून योजनेतूनच बाहेर पडणारे लोक मला पटत नाहीत. पण गरजेपेक्षा जास्त कापून घेणंही शहाणपणाचं नाही. आता बहुतेक जण आठवड्याला तीनच दिवस ऑफिसात जातात आणि कपात मात्र पाच दिवसांच्या काळातली चालू असते. दिवाळीत महिन्याच्या सुट्टीवर पुण्याला जातात, तेव्हाही चालूच. या मुलाची शिल्लक अशीच साठली होती. न्यूयॉर्कच्या सबवेचं एका वेळचं भाडं २०२६च्या जानेवारीपासून ३ डॉलर आहे. फक्त सबवेनं आठवड्याला तीन दिवस जाणाऱ्याला १८ डॉलर लागतात, महिन्याला ८० पुरतात. त्यानं १५० कापून ठेवले तर चार महिन्यांत २८० डॉलर कंपनीच्या दारात ठेवल्यासारखेच.

आणि ज्यांना नोकरी बदलायची आहे त्यांनी राजीनामा द्यायच्या दोन महिने आधी पासाचं खातं उघडून बघावं. इथं मुलाखतींना वेळ काढतात, लिंक्डइन घासूनपुसून ठेवतात, बोनस हातात पडेपर्यंत थांबतात, आणि कार्डावरचे चारशे डॉलर विसरून जातात. नोटीस देण्याआधी कपात थांबवली तर कोणी कारण विचारत नाही. मी तरी अजून कोणाला विचारलेलं नाही, आणि माझ्या लक्षात येतं बरं का.

त्याला सातव्या आठवड्यात नवी नोकरी लागली, जर्सी सिटीत. पहिल्याच दिवशी दुपारी मेसेज आला. स्क्रीनवर तोच फॉर्म, कर्सर रिकाम्या चौकोनात, आणि खाली त्यानं लिहिलेलं, "काकू, किती टाकू?" मी विचारलं ऑफिस किती दिवस. दोन दिवस, म्हणाला, आणि पहिला महिना घरूनच ट्रेनिंग.

"मग या महिन्यात शून्य," मी लिहिलं. "दहा तारखेच्या आत परत विचार."